उरलेला जिना माझा

४ मार्च, दुपारी

ठकू,

अगं, मी आजी झाले!

तू आई झालीस हे आधी लिहायला हवं होतं, पण हाताने आधी तेच लिहिलं, आता खोडत नाही. कालपासून रस्त्याने जाईल त्याला थांबवून सांगतेय. टपालवाल्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "आजी, मघाशीच सांगितलंत की." मी म्हटलं, "मग परत ऐका. आणि ते 'आजी' म्हणालात ना, तेही परत म्हणा."

कागद बघून नाक मुरडू नकोस. इस्त्री केलेले शर्ट गुंडाळायचा आहे, दुकानात याचे गठ्ठेच्या गठ्ठे पडलेत. चौथीत शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर केवढं मोठं असतं ते तुला माहीत आहे. साध्या कागदावर माझी दोन वाक्यं मावतात, यावर चार तरी बसतील.

मुलगी झाली, नाक तुझ्यासारखं आहे, रडते मात्र माझ्यासारखी, भोंगा लावल्यासारखी, हे सगळं मला जावईबापूंनी सांगितलं. तू फोन उचलत नाहीस म्हणून ते बिचारे ऑफिसातून दुकानाच्या नंबरावर करतात. त्यांना बोलू नकोस. आमच्या घरात तेवढा एकच माणूस उरलाय जो सगळ्यांशी बोलतो.

त्या दिवशी पाहुण्यांसमोर तू म्हणालीस, "आई, तू खाऊन खाऊन मरशील आणि मला ते बघायचं नाही." मग तुझा दादा उसळला, "माझ्या घरात येऊन माझ्या आईला बोलायचं नाही." जशी काही मी त्याच्या एकट्याचीच आई! तू पिशवी उचललीस आणि चालू लागलीस. लोकांना वाटतं मला तुझा राग आला. राग कसला? मला त्या वेळी भूक लागली होती, आणि तुम्ही दोघं ताटावरून उठल्यावर मी एकटीने जेवायचं कसं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

असो. मी येणार आहे. नातीला मांडीवर घ्यायला येणार आहे, तू बोलावलंस तरी आणि नाही बोलावलंस तरी. फक्त तुझं घर चौथ्या मजल्यावर आहे. मी जावईबापूंना विचारलं, "लिफ्ट बसणार आहे का?" तर म्हणाले, "आई, मालक जिन्यात दिवासुद्धा बसवत नाही."

मला आता दुकानाच्या दोन पायऱ्या चढल्या तरी गुडघे ओरडतात आणि छाती धापा टाकते. डॉक्टर म्हणतात साखर वाढलीय, वजन उतरवा. सगळे डॉक्टर सगळ्यांना तेच म्हणतात, मी कधी मनावर घेतलं नाही. आता घेतलंय.

आपल्या लॉन्ड्रीत कपडे टाकायला एक निळ्या गाडीवाल्या बाई येतात. मागच्या वर्षी त्यांचे कपडे एका हातात मावत नव्हते, आता त्यांचा ब्लाऊज म्हणजे रुमाल वाटतो. त्यांना मी उपाय विचारून घेतला. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, रात्री काकडी. मध्ये भूक लागली तर गरम पाणी. बस्स. अगदी सोपं आहे. काकडी सोलायचीसुद्धा नाही.

तुझी वहिनी म्हणते, "हे असं गुरं खातात." मी म्हटलं, "गुरं कधी जिन्यावर धापा टाकताना बघितलीस?" ती म्हणाली, "गुरं जिना कशाला चढतील?" तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

ओळ जरा वाकडी जातेय. पेनाचंच काहीतरी बिघडलंय. बाळाच्या टाळूला तेल लाव, पण दाबू नकोस. तुला येत असेल सगळं, तरी लिहिते.

तुझी आई, आणि आता आजी


२१ मार्च

ठकू,

दादाने जावईबापूंना सांगितलं आणि त्यांनी तुला सांगितलं असणार की मी पडले. मी पडले नाही. मी बसले. इस्त्रीच्या टेबलापाशी उभी होते, आणि हॉटेलच्या चादरींचा ढीग शेजारीच होता, तर म्हटलं जरा बसू. बसले ती आडवी झाले. आडवी झाले तर डोळे मिटले. एवढंच. चादरी स्वच्छ होत्या, नुकत्याच धुतलेल्या. दादा मात्र असा ओरडला की समोरचा सलूनवाला एका गालाचा साबण तसाच ठेवून धावत आला. त्याचं गिऱ्हाईकही मागोमाग आलं, अर्ध्या दाढीचं. शुद्धीवर आल्यावर पहिलं तोंड मला ते दिसलं. मला वाटलं, वर पोचले बहुतेक, आणि वर अशी माणसं असतात.

बरं, लपवण्यात काय अर्थ आहे. पडले. उपाशी होते म्हणून पडले. काकडीने माणूस उभा राहत नाही.

डॉक्टरांनी सलाईन लावली आणि दवाखान्यातच दुसऱ्या मजल्यावर आहाराच्या मॅडम बसतात, त्यांच्याकडे पाठवलं. मॅडम कसली, पोरगी आहे. फुंकर मारली तर उडून जाईल. मी मनात म्हटलं, ही मला काय शिकवणार, हिलाच कुणीतरी जेवायला घाला. पण तिने पहिला प्रश्न विचारला तो मला आवडला. "वजन किती करायचंय?" असं नाही विचारलं. म्हणाली, "आजी, तुम्हाला काय करायचंय?"

मी म्हटलं, "चार मजले चढायचेत."

"वर कोण आहे?"

"माझी लेक. आणि तिची लेक."

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "काकडी खाऊन वजन उतरलं होतं का?" मी म्हटलं, "भराभर उतरलं की. पहिल्या आठवड्यात तर कपडे सैल झाले." ती म्हणाली, "ते पाणी गेलं आजी. आणि पाण्यानंतर मांस जायला लागलं, पायातलं. ज्या पायांनी चढायचंय तेच तुम्ही खात होतात."

ठकू, मी जन्मभर धुण्यात हात घातलाय. ओली चादर केवढी जड असते ते तुलाही माहीत आहे, लहानपणी एक टोक तू धरायचीस. पिळली की हलकी होते. पण म्हणून चादरीचं वजन कमी होत नाही, पाण्याचं होतं. आणि अजून हलकी हवी म्हणून पिळतच बसलं तर कापड विरतं. इतकं साधं आहे, पण स्वतःच्या बाबतीत ते सुचलं नाही बघ मला.

मग तिने पुठ्ठ्याचं एक ताट काढलं, पोरांच्या खेळण्यातलं असतं तसं. अर्धं ताट भाज्या, शिजवलेल्या आणि कच्च्या. राहिलेल्या अर्ध्याचे दोन भाग, एकात डाळ किंवा अंडं किंवा मासा, दुसऱ्यात भात नाहीतर पोळी. गोड कधीच नाही असं नाही, पण रोज नाही. आणि काही झालं तरी जेवण चुकवायचं नाही. मी विचारलं, "आणि वजन कधी उतरणार?" म्हणाली, "हळू उतरेल. पण उतरलेलं परत चढणार नाही. तुम्हाला एकदाच वर जायचंय, की नात मोठी होईपर्यंत जायचंय?"

मी म्हटलं, "ते ताट परत एकदा दाखवा."

पण घरी आल्यावर घास जाईना बघ. भूक मेली होती, आणि मनात भीती, की एक घास जास्त गेला तर एक पायरी कमी चढेन. ताट सरकवलं. वहिनीने पण तिचं ताट सरकवलं. मी म्हटलं, "तू जेव की." तर म्हणाली, "मी एकटी जेवत नाही." सकाळपासून मशीन भरून भरून बाईचे हात भरून आलेले, आणि समोर डाळभात गार होतोय. दादा दोघींकडे आळीपाळीने बघत होता, घासच घेईना. शेवटी मी चमचा उचलला. तिने उचलला. दादाने सुटकेचा असा काही श्वास टाकला की वहिनी म्हणाली, "इस्त्रीची वाफ सोडलीत की काय?"

बाळ कुशीवर वळायला लागलं का? एवढ्यात नाही वळणार म्हणा.

आई


१२ एप्रिल, सकाळी

ठकू,

आनंदाची बातमी! चार किलो उतरले! चार!

नीट सांगते. आपल्या दुकानातला काटा तुला आठवतो ना, जमिनीवरचा, सपाट? टोपल्या ठेवून कपडे वजन करायचा. मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्याच्यावर उभी राहते. आकडे कसले, तिथेच घुटमळणारे. मी भाजी खातेय, डाळ खातेय, चालतेय, आणि काटा ढिम्म. मॅडम म्हणते रोज बघू नका. मी म्हणते हो, आणि रोज बघते. ज्या दिवशी आकडा हलत नाही त्या दिवशी भात पानातच टाकते. असं तीन आठवडे.

काल थोडा उशीर झाला, वहिनीने काम सुरू केलं होतं. मी टोपली बाजूला सारली आणि उभी राहिले. चार किलो कमी! मी चष्मा घालून स्वतः बघितलं. मी चढायच्या आधी काट्यावर कसलासा आकडा दिसत होता, त्याच्या अलीकडे एक आडवी रेघ. मला वाटलं कचरा बसलाय, बोटाने पुसला. तर आज परत तसंच, चार कमी. म्हणजे खरंच.

कालच मी वहिनीचे दोन्ही हात धरून तिला गोल फिरवली. ती एकदा काट्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. मग मी नाश्त्याला अंडं घेतलं, पाव घेतला, वर एक केळं, आणि अगदी बिनघोर खाल्लं. दुपारी भात पुन्हा घेतला. वहिनीने वाढला.

आता दुसरी गोष्ट. दवाखान्यात लिफ्ट आहे, पण मॅडम म्हणाली, येताना एक मजला जिन्याने या, एक लिफ्टने. गेल्या खेपेला मी दोन्ही मजले जिन्याने गेले. मध्ये थांबले, कठड्याला धरलं, खिडकीतून खालचा रस्ता बघितला, एक बाई कुत्र्याला शिव्या देत होती त्या सगळ्या ऐकून घेतल्या, मग निघाले. पण गेले. मॅडमने टाळ्या वाजवल्या. बाहेर बसलेल्या पेशंटांना वाटलं माझा वाढदिवस आहे.

तिसरी गोष्ट लिहू की नको असं करत होते. लिहिते.

मला कळलंय की तू जेवत नाहीस. कुणी सांगितलं ते सांगणार नाही, आणि ज्याने सांगितलं त्याला झापायचं नाही. रजा संपली की हॉटेलच्या काउंटरवर परत उभं राहायचंय, आणि युनिफॉर्मचा स्कर्ट कमरेला लागत नाही. म्हणून तू सकाळी काळी कॉफी पितेस, दुपारी एक सफरचंद खातेस आणि सांगतेस की जेवले. दूध कमी येतंय म्हणून बाळ रडतं, आणि बाळ रडतं म्हणून तू रडतेस.

ठकू, मी तुला उपदेश करत नाही. मी स्वतः चादरींच्या ढिगावर आडवी झालेली बाई. फक्त एवढंच सांगते, तुझ्याकडे माझ्यासारखा चादरींचा ढीग नाहीये, आणि हातात बाळ असतं.

आई


५ मे

ठकू,

तुझ्या आईला घरच्यांनी फसवलं.

काल सकाळी मी काट्यावर उभी होते, वहिनी शेजारी, आणि दादा नेमका लवकर आला. त्याने आकडा बघितला. मग जमिनीवरच्या टोपलीकडे बघितलं. मग म्हणाला, "आई, हा काटा टोपलीवर लावलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे टोपली ठेवून शून्य केलाय. टोपलीचं वजन वजा होतं, मग नुसत्या कपड्यांचं येतं. आता तुझ्या वजनातून टोपली वजा झालीय."

मी खाली उतरले. आणि काट्यावर ती रेघ, ठकू. कचरा नव्हता तो. वजाबाकी होती.

"पण रोज कशी?" दादा म्हणाला. "रात्री मी बंद करतो, सकाळी आपोआप शून्यावर येतो. कुणीतरी रोज टोपली ठेवून—"

आणि आम्ही दोघांनी एकदमच वहिनीकडे बघितलं. ती काट्याच्या बटणाशी उभी, हातात कुणाचा तरी टॉवेल, त्याची घडी घालतेय, उलगडतेय, परत घालतेय.

"पहिल्या दिवशी मी मुद्दाम नव्हतं केलं," ती म्हणाली. "कामाचा काटा लावलेला होता, आई येऊन उभ्या राहिल्या. मी सांगणारच होते. पण त्यांनी अंडं खाल्लं. पाव खाल्ला. तुम्ही बघितलं नाहीत, तुम्ही गाडी घेऊन गेला होतात. महिनाभराने पहिल्यांदा भीती न बाळगता जेवल्या त्या. मग मला नाही सांगवलं."

"आणि रोज?"

"रोज त्या आकडा बघून जेवत होत्या. म्हटलं, आकड्यानेच जेवणार असतील तर आकडाच वाढते पानात."

ठकू, मला इतका राग आला! तुझ्या दादावर आला, तो हसत होता म्हणून. वहिनीवर आला. काट्यावर आला. चार किलो गेले म्हणून मी सगळ्या गल्लीला सांगून बसले होते, टपालवाल्याला तर दोनदा! मी आत जाऊन बसले. दुपारी जेवले नाही. वहिनी दोन ताटं घेऊन आली आणि माझ्यासमोर खाली बसली. तिचं तिने खाल्लं नाही. मी म्हटलं, "आता ही चलाखी चालायची नाही." ती म्हणाली, "चलाखी नाही, भूक लागलीय मला."

जेवले मग. काय करणार?

संध्याकाळी मॅडमकडे गेले, तक्रार करायला. जिन्याने दोन मजले चढले आणि तिचं दार बंद. वरच्या मजल्यावर बैठकीला गेलीय म्हणाले. इतकी चिडलेली होते की तशीच वर गेले. तिथे ती नव्हती, त्याच्या वरती होती. गेले. दारात उभी राहून म्हटलं, "मॅडम, माझं वजन चार किलो कमी झालेलं नाही! टोपली कमी झालीय!"

ती माझ्या पायांकडे बघायला लागली. "आजी, तुम्ही कशाने आलात वर?"

मी मागे वळून बघितलं. जिना होता.

चौथा मजला होता, ठकू.

धाप लागली होती, नाही असं नाही. पण बोलता येत होतं. तेही भांडण करता येत होतं.

मग तिने मला तिच्या खऱ्या काट्यावर उभं केलं. दीडेक किलो उतरलंय म्हणाली, आणि साखर खाली आलीय, आणि हे चांगलं आहे. मला आकडा ऐकून फार काही वाटलं नाही. मी जिन्याकडेच बघत होते. घरी आल्यावर वहिनीला सांगितलं, तर तिने तोंडावर टॉवेल घेतला. दादाने काटा उचलून पार मागे, साबणाच्या पोत्यांआड ठेवला. आज सकाळी गिऱ्हाईक आलं, आणि परत पुढे आणावा लागला. धंदा आहे शेवटी.

आता स्कर्टचं. शोधू नकोस. जावईबापूंनी तुला सांगितलं की तो ड्रायक्लीनिंगला दिलाय. खरंच सांगितलंय त्यांनी, फक्त कुठल्या दुकानात ते सांगितलं नाही. पार्सलने माझ्याकडे आलाय.

हॉटेलांचे इतके युनिफॉर्म माझ्या हाताखालून गेलेत, पण हे मी कधी कुणाला दाखवलं नाही. कमरेची शिवण उलटी करून बघ कधी. आत कापड दुमडून ठेवलेलं असतं, दोन-दोन बोटं. शिवणाऱ्याने कापून टाकलेलं नसतं, राखलेलं असतं. का? कारण त्याला माहीत असतं की आत माणूस असणार आहे. माणूस वाढतं, उतरतं, बाळंत होतं, परत उतरतं. मी ते सोडलं, नवी शिवण घातली, हूक पुढे घेतला, इस्त्री केली. आता तो तुला होईल. आणि हळूहळू जेवून-खाऊन तू उतरलीस तर परत आत घेऊ, त्यात काय आहे? कापड कुठे पळून जातंय?

पण तो मी पार्सलने परत पाठवणार नाहीये.

आई


२६ मे, तुझ्या जिन्यात

ठकू,

तुला पत्र लिहायला मी कुठे बसलेय सांगू? तिसऱ्या मजल्यावर. तुझ्या खालच्या बाईंनी खुर्ची बाहेर आणून दिली आणि पाणी दिलं. फार चांगल्या आहेत. तू त्यांना ओळखत नाहीस म्हणे, नुसती मान हलवतेस. ओळख ठेव. त्यांना चार मुलं झालीत आणि मी स्कर्टचा विषय काढला तर त्या नुसत्या हसल्या.

जावईबापू स्टेशनवर आले होते. मला बघून त्यांना तुला फोन करायचा होता, मी करू दिला नाही. बॅग घेऊन ते पुढे जायला निघाले, मी म्हटलं, थांबा, आधी पत्र देते, ते तिला द्या, म्हणजे दार उघडताना तिला काय बोलायचं ते सुचेल. आता माझ्या शेजारी पायरीवर बसलेत, आणि मी लिहितेय ते वाचतायत. वाचू देत.

पहिला मजला सहज चढले. दुसऱ्यावर थांबले, मालकाला मनातल्या मनात दोन शब्द बोलले, अंधार आहे खरोखर. तिसऱ्यावर ही खुर्ची आली. दमले नाहीये. म्हणजे दमलेय, पण घाबरले नाहीये. आता कळतं यातला फरक.

बॅगेत तुझा स्कर्ट आहे. घडी मोडेल म्हणून सगळ्यात वर ठेवलाय. त्याच्याखाली मऊ धुतलेल्या छोट्या टॉवेलांची चळत आहे, ती दादाने दिली. निघताना म्हणाला, "तिला सांग—" आणि मग म्हणाला, "काही सांगू नकोस, हे दे." टॉवेल त्याने स्वतः धुतलेत, कुणाला हात लावू दिला नाही. तुला माहीत आहे, एरवी तो मशीनचं बटणसुद्धा वहिनीला दाबायला लावतो.

त्या दिवशी तू म्हणालीस ते खोटं नव्हतं. पाहुण्यांसमोर बोललीस एवढंच. आणि तुला वाटत असेल की आई वजन उतरवून दाखवायला आलीय. नाही गं. वजन अजून बरंच आहे. ते उतरेल त्याच्या चालीने. मी आज इथे येतानाही जेवूनच आले. गाडीत वहिनीने दिलेला डबा खाल्ला, अर्धा भाजी, पाव डाळ, पाव भात, समोरची बाई बघत राहिली इतकं नीट खाल्लं. पण तेव्हापासून बराच वेळ झाला, आणि तीन मजले झालेत.

तर असं कर. मी वर येते तोवर दोन ताटं वाढ. दोन. माझं एक आणि तुझं एक. काही खास करत बसू नकोस, असेल ते वाढ, अंडी असतील तर उकड. बाळाला मी धरते, तू दोन्ही हातांनी जेव. आणि "मला भूक नाही" असं म्हणालीस तर मी काही बोलणार नाही, रागावणार नाही, समजावणार नाही. मीपण ताट सरकवून बसेन. मी एकटी जेवत नाही.

वर दार उघडल्याचा आवाज आला. बाळ रडतंय. अगदी भोंगा! ऐकलंत का जावईबापू, माझ्यावरच गेलीय.

कुणीतरी जिन्यात आलं. टाच घासत. तू अजून टाच घासतच चालतेस ना गं, चप्पल अशीच झिजायची तुझी, डावी आधी. कठड्यावरून वाकून बघतेयस. दिसतेयस मला. किती वाळलीस गं तू.

ए, तिथेच थांब. बाळाला घेऊन खाली उतरू नकोस, अंधार आहे. ऐकतेस का? उतरू नकोस. उरलेला जिना माझा आहे.